तुर्कीचं वजन कसं जोखायचं: बाकूपासून बिश्केकपर्यंत

तुर्की आणि अझरबैजानने पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून मे २०२५ मध्ये पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं विकायची नाहीत असं ठरवलं आणि तेव्हापासून आमच्या सोसायटीत तुर्कीबद्दल मत नसलेला माणूस औषधालाही सापडत नाही. व्हॉट्सॲपवर नकाशे फिरतात. इस्तंबूलपासून चीनच्या भिंतीपर्यंत एकच लाल पट्टा आणि खाली मथळा, 'नवं ऑटोमन साम्राज्य'. दुसऱ्या बाजूला आमचे एक निवृत्त बँकवाले शेजारी म्हणतात, छे हो, सगळा फुसका बार आहे. दोघंही न मोजता बोलतात.

माझी नोकरी औषधांच्या निर्यातीत गेली. उझबेकिस्तानातलं ताश्कंद, कझाकस्तानातलं अल्माटी, अझरबैजानातलं बाकू या आमच्या बाजारपेठा. तिथल्या टेंडरमध्ये आमच्यासमोर हमखास एखादी तुर्की कंपनी उभी असायची. त्यामुळे तुर्की कुठे पोचलाय, कुठे अडलाय, कुठे नुसतेच झेंडे लावून बसलाय, हे ओळखणं हा माझ्या पोटापाण्याचा भाग होता. ती जोखायची रीत इथे लिहिते. स्पर्धापरीक्षेवाल्यांना होईल, निर्यातीत उतरणाऱ्यांना होईल, आणि बाकूची सहल बुक करून आता कुचंबलेल्यांनाही होईल.

माझा निष्कर्ष आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तो तपासता येईल. तुर्कीचा प्रभाव खरा आहे. तो बाकूत दाट आहे आणि पूर्वेकडे सरकावं तसा पातळ होत जातो. आणि हे देश तुर्कीला मोठा भाऊ मानत नाहीत. रशिया आणि चीन ही दोन बडी गिऱ्हाइकं भाव पाडायला बसलेली असताना दुकानात आलेलं तिसरं गिऱ्हाईक, इतकाच त्याचा उपयोग ते करतात.

आधी नकाशा, तोही हाताने काढलेला

गुगलचा नको. कोरा कागद घ्या. डावीकडे तुर्की. त्याला लागून जॉर्जिया आणि आर्मेनिया. त्यांच्या पलीकडे अझरबैजान. मग कॅस्पियन समुद्र. समुद्रापलीकडे खाली तुर्कमेनिस्तान, वर प्रचंड मोठा कझाकस्तान, मध्ये उझबेकिस्तान, आणि चीनच्या अंगाला किरगिझस्तान. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला तेव्हा स्वतंत्र झालेले तुर्किक भाषा बोलणारे देश ते हे पाच. ताजिकिस्तान याच घोळक्यात दिसतो, पण तिथली भाषा फारसीच्या घरातली. त्याला या हिशेबातून बाजूला ठेवा. आणखी एक: जुन्या सवयीने तुर्कीला 'तुर्कस्तान' म्हणू नका. कझाकस्तानात त्याच नावाचं गाव आहे, बातम्यांत ते सतत येतं, आणि मग गोंधळाला पारावार राहत नाही.

आता इस्तंबूलमधून ताश्कंदला जाणारा ट्रक पेन्सिलीने ओढत न्या. आर्मेनियाची सीमा तुर्कीने १९९३ पासून बंद ठेवलेली. अझरबैजानशी तुर्कीची सीमा आहे, पण ती नाखचिवान या तुटक तुकड्यापुरती, अगदी चिंचोळी. म्हणजे एक तर जॉर्जियातून बाकूला जा आणि तिथे जहाजाची वाट बघा, नाही तर इराणमधून जा, नाही तर रशियाला वळसा घाला. मध्य आशियातल्या एकाही देशाशी तुर्कीची हद्द लागत नाही. विमानाने मोजलं तर ताश्कंदला इस्तंबूलपेक्षा मुंबई जवळ आहे, जवळपास आठशे किलोमीटरनं. आमचा माल न्हावाशेवाहून बंदर अब्बासला आणि तिथून ट्रकने तुर्कमेनिस्तानमार्गे वर जायचा. इराणवर निर्बंध आले की आमची बोंब आणि तुर्की ट्रकवाल्यांचीही बोंब. लाल पट्ट्याच्या नकाशात हा वळसा दिसत नाही, म्हणून तो आधी आपल्या हाताने काढायचा.

मग तारखा, पण सगळ्या नव्हे

९ नोव्हेंबर १९९१ रोजी तुर्कीने अझरबैजानला मान्यता दिली, जगात सर्वांत आधी. १६ डिसेंबरला कझाकस्तानने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि त्याच दिवशी अंकाराने मान्यता दिली. पुढच्या वर्षभरात धडाका होता. मदतकार्यासाठी 'टिका' ही सरकारी संस्था निघाली, दहा हजार विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या जाहीर झाल्या, उपग्रहावरून तुर्की वाहिनी सुरू झाली, ऑक्टोबर १९९२ मध्ये अंकारात पहिली शिखर परिषद भरली. पंतप्रधान डेमिरेल 'ॲड्रियाटिकपासून चीनच्या भिंतीपर्यंत'च्या तुर्किक जगाबद्दल बोलत होते. हल्लीच्या फॉरवर्डमधला पट्टा तिथूनच आलाय. तीसेक वर्षं शिळा माल आहे.

तो फुगा बसला कसा, हे समजलं की पुढचं निम्मं समजतं. अध्यक्ष ओझाल यांचा उत्साह दांडगा, पण मध्य आशियाच्या दौऱ्यावरून परतताच एप्रिल १९९३ मध्ये ते वारले. १९९४ मध्ये तुर्कीवरच आर्थिक संकट कोसळलं; द्यायला पैसा उरला नाही. आणि नुकतेच मॉस्कोच्या थोरल्या भावाच्या तावडीतून सुटलेले हे नेते दुसरा थोरला भाऊ घरात घ्यायला राजी नव्हते. परिषदांत बंधुत्वाची भाषणं व्हायची आणि दुभाष्याविना गप्पा मारायच्या तर हे सगळे रशियनमध्ये बोलायचे.

उझबेकिस्तानचे इस्लाम करिमोव तर चिडलेच. त्यांचा विरोधक मोहम्मद सालिह तुर्कीत आश्रयाला होता. करिमोवनी तुर्कीत शिकणारी आपली मुलं परत बोलावली. पुढे जवळजवळ वीस वर्षं ताश्कंद आणि अंकारा एकमेकांकडे पाठ करून होते. करिमोव २०१६ मध्ये गेले आणि त्याच नोव्हेंबरात तुर्कीचे अध्यक्ष एर्दोआन समरकंदला त्यांच्या कबरीवर जाऊन आले. तिथून उझबेक दार उघडलं.

बाकी तारखांपैकी दोनच पाठ करा. ३ ऑक्टोबर २००९, नाखचिवानचा करार, ज्यातून तुर्किक परिषद जन्मली: तुर्की, अझरबैजान, कझाकस्तान, किरगिझस्तान. आणि १२ नोव्हेंबर २०२१, जेव्हा इस्तंबूलमध्ये तिचं नाव 'तुर्किक राष्ट्रांची संघटना' झालं. मधल्या काळात, २०१९ ला, उझबेकिस्तान आत आला. तुर्कमेनिस्तान नुसता निरीक्षक आहे. हंगेरीही आहे, त्यांचं काय ते त्यांनाच ठाऊक.

पाच देश, पाच वह्या

'तुर्किक जग' हा शब्द आला की लगेच विचारायचं, कुठला देश?

अझरबैजानची वही सर्वांत जाड. भाषा इतकी जवळची की बाकूचा टॅक्सीवाला इस्तंबूलची मालिका सबटायटलविना बघतो. अझरबैजानचे माजी अध्यक्ष हैदर अलियेव यांचं 'एक राष्ट्र, दोन देश' हे वाक्य तिथे शाळेतल्या पोराला येतं. पण मला विचाराल तर वाक्यापेक्षा नळ महत्त्वाचा. बाकू-तिबिलिसी-जेहान ही १,७६८ किलोमीटरची तेलवाहिनी २००६ मध्ये रीतसर सुरू झाली आणि कॅस्पियनचं तेल रशियाला न विचारता तुर्कीच्या भूमध्य किनाऱ्यावर पोचू लागलं. त्यात आपल्या ओएनजीसी विदेशचाही छोटा हिस्सा आहे. बहिष्काराच्या चर्चेत हे कुणी काढत नाही. २०१७ मध्ये त्याच वाटेने तुर्कीतल्या कार्सपर्यंत रेल्वे आली, २०१८ मध्ये टॅनॅप ही गॅसवाहिनी. एवढी गुंतवणूक जमिनीत गाडली गेली की नातं भाषणांवर अवलंबून राहत नाही.

कझाकस्तान सगळ्यांशी गोड. रशियाशी सीमा साडेसात हजार किलोमीटर, तेव्हा गोड राहण्यावाचून गत्यंतर नाही. किरगिझस्तान गरीब आणि म्हणून दिलेलं सगळं घेणारा. बिश्केकमध्ये तुर्कीच्या पैशातून चालणारं मानस विद्यापीठ आहे, २०१८ मध्ये उघडलेली भलीमोठी इमाम सरख्सी मशीदही त्यांनीच बांधून दिलेली. आपल्याकडची कितीतरी मुलं बिश्केक आणि ओशला एमबीबीएसला असतात, त्यांच्या पालकांना ही मशीद फोटोत ओळखू येईल. उझबेकिस्तानात सध्या सर्वांत वेगाने काही घडत असेल तर ते कापड, बांधकाम आणि हॉटेलांत. लोकसंख्याही तिथेच सर्वाधिक, म्हणून धंदेवाईक माणसाने नजर तिथे ठेवावी. तुर्कमेनिस्तान स्वतःला तटस्थ म्हणवतो, संयुक्त राष्ट्रांनी १९९५ मध्ये तसा ठरावच केलेला. अश्गाबातचा संगमरवर बराचसा तुर्की कंत्राटदारांनी लावलेला आहे. पण देश बंदिस्त तो बंदिस्तच.

दुकानात काय दिसतं

या भागात गेलात तर दूतावास बघू नका, फळ्या बघा. ताश्कंदच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात उभं राहायचं आणि पाच मिनिटं नुसते खोके वाचायचे: किती रशियन, किती भारतीय, किती तुर्की, किती स्थानिक. मग शेजारच्या सुपरमार्केटात बिस्किटं, साबण, बाळांचे डायपर, वॉशिंग मशीन. तुर्कीचं राज्य असेल तर ते या दुसऱ्या दुकानात आहे. मधल्या भावाचा, दिसायला युरोपीय माल. चिनी मालापेक्षा थोडा महाग, जर्मन मालापेक्षा बराच स्वस्त. नवमध्यमवर्गाला नेमका तोच हवा असतो.

दुसरी जागा इस्तंबूलमध्येच आहे. विमान बदलताना वेळ असेल तर लालेलीत जा. घाऊक कपड्यांची वस्ती, आणि पाट्या रशियनमध्ये. मी बघितलेला एक सौदा सांगते. किरगिझ बाई, पन्नाशीची, कोटाच्या आत कमरेला पैशाचा पट्टा. समोर दुकानातला पोरगा. ती हातातल्या जॅकेटची शिवण नखाने उसवून बघते आणि रशियनमध्ये भाव तोडते. पोरगाही रशियनमध्येच नाही म्हणतो. नंतर कळलं की तो तुर्कमेन. तुर्की मालकाने त्याला ठेवलाच मुळी रशियन येतं म्हणून. सौदा डॉलरमध्ये झाला. माल पोत्यात कोंबला, पिवळ्या चिकटपट्टीने गुंडाळला, वर मार्करने रशियन अक्षरात 'बिश्केक' लिहिलं, आणि पोतं कोपऱ्यावरच्या कार्गोवाल्याकडे गेलं. बिश्केकच्या दोर्दोई बाजारात, कंटेनर रचून केलेल्या दुकानांत, ते आठवड्याभरात लटकलं असणार. तुर्की मालाने मध्य आशिया जिंकला म्हणायचं तर जिंकला, पण व्यवहाराची भाषा मॉस्कोची, चलन अमेरिकेचं, आणि दोर्दोईत शेजारच्या तीन कंटेनरांत चिनी माल. प्रभाव मोजताना हे तिन्ही एकाच वेळी नोंदवायचे.

शाळांचं मात्र वेगळं. नव्वदच्या दशकात तुर्की भाषा या भागात नेली ती सरकारपेक्षा तुर्की धर्मगुरू फेतुल्ला गुलेन यांच्या अनुयायांच्या खासगी शाळांनी. शिस्तीच्या, इंग्रजी-विज्ञान चांगलं शिकवणाऱ्या. मंत्र्यासंत्र्यांची मुलं तिथे. जुलै २०१६ च्या उठावाच्या प्रयत्नानंतर अंकाराच्या दृष्टीने हेच लोक दहशतवादी ठरले आणि एर्दोआन प्रत्येक राजधानीत जाऊन शाळा बंद करा म्हणू लागले. उझबेकिस्तानने त्या आधीच, २००० च्या सुमारास, आपल्या कारणांसाठी बंद केल्या होत्या. कझाकस्तानने नाव बदललं आणि शाळा चालू ठेवल्या. बिश्केकमध्ये मे २०२१ च्या शेवटी त्या शाळांचा प्रमुख रात्रीतून नाहीसा झाला, आणि जुलैत एर्दोआन यांनीच सांगितलं की आमच्या गुप्तहेरांनी त्याला तुर्कीत आणलं. तो किरगिझ नागरिक होता. त्याच शाळांचं तीन देशांत तीन तऱ्हेने काय झालं ते समोर ठेवलं की कुठे किती वजन पडतं ते दहा लेखांपेक्षा लवकर कळतं.

शस्त्रांकडे बघताना

२७ सप्टेंबर ते १० नोव्हेंबर २०२०, चव्वेचाळीस दिवस. काराबाख या अझरबैजान-आर्मेनियातल्या वादाच्या मुलखासाठी झालेल्या लढाईत अझरबैजानने तुर्की बायराक्तार टीबी-२ ड्रोन वापरून आर्मेनियाचे रणगाडे टिपले आणि त्याचे व्हिडिओ जगभर दाखवले. तुर्कीच्या तीस वर्षांच्या बंधुत्वाच्या भाषणांनी जे झालं नव्हतं ते या व्हिडिओंनी केलं. २०२१ मध्ये किरगिझस्तानने तेच ड्रोन घेतले, तुर्कमेनिस्तानच्या संचलनात ते दिसले, २०२२ मध्ये कझाकस्तानने 'अंका' ड्रोन आपल्याकडे बनवायचा करार केला. ताजिकिस्तानने काय केलं? दुशान्बेत इराणी ड्रोनचा कारखाना उघडला.

विक्रीच्या आकड्यावर थांबू नका. ड्रोन बिघडला तर दुरुस्त कोण करतो, चालवणारे कुठे शिकले, क्षेपणास्त्रं कुणाकडून येतात, हे शोधा. यंत्र एकदा विकलं जातं, पण सुटे भाग वीस वर्षं लागतात. औषधाच्या मशिनरीतही हेच.

आणि मराठी वाचकांना एक माहीत असावं. लढाईनंतर आर्मेनियाने शस्त्रांसाठी भारताकडे मोर्चा वळवला आणि २०२२ मध्ये पिनाक रॉकेट यंत्रणेचा करार केला. पिनाक विकसित केलं ते पुण्यात, पाषाणच्या एआरडीई या सरकारी शस्त्रसंशोधन संस्थेने. तेव्हा कॉकेशसच्या त्या डोंगरात आपण निव्वळ प्रेक्षक नाही. बाकू आपल्यावर का डाफरतं याचं उत्तर पाकिस्तानपाशीच संपत नाही, ते थोडं पाषाणमध्येही आहे.

'तुर्किक नाटो' किंवा 'तुरानची', म्हणजे सगळ्या तुर्किकांच्या एका कल्पित राष्ट्राची, 'फौज' असा मथळा दिसला तर एका मिनिटात तपासता येतो. कझाकस्तान आणि किरगिझस्तान रशियाच्या लष्करी गटात, सीएसटीओत, आहेत. तुर्की नाटोत. एकावर हल्ला म्हणजे दुसऱ्याने धावून जायचं, असं वचन या पाचांपैकी तुर्कीशी फक्त अझरबैजानचं आहे, जून २०२१ च्या शुशा जाहीरनाम्यात. बाकी कुणी तुर्कीसाठी रक्त सांडायला बांधलेलं नाही.

नकार मोजा

आमचे एक जुने साहेब म्हणायचे, गिऱ्हाइकाने काय घेतलं ते विक्रीखातं बघेल, तू काय परत पाठवलं ते बघ. इथेही तेच करायचं. हे देश तुर्कीला काय देतात याची यादी तुर्कीची सरकारी वृत्तसंस्था रोज देते. काय देत नाहीत, ती यादी आपली आपण करायची.

त्यात पहिलं नाव उत्तर सायप्रस, म्हणजे सायप्रस बेटाचा तुर्कांच्या हातातला भाग. १९८३ मध्ये जाहीर झालेल्या त्या प्रजासत्ताकाला आजवर तुर्कीशिवाय कुणीही मान्यता दिलेली नाही. एर्दोआन यांची जुनी इच्छा, की निदान भावंडांनी द्यावी. नोव्हेंबर २०२२ मध्ये समरकंदच्या परिषदेत उत्तर सायप्रसला निरीक्षकपद मिळालं आणि तुर्की वर्तमानपत्रांनी दिवाळी केली. आता त्याच समरकंदमध्ये एप्रिल २०२५ ला या. युरोपीय संघ आणि मध्य आशियाची पहिली शिखर परिषद. युरोपने १२ अब्ज युरोंची गुंतवणूक जाहीर केली. संयुक्त निवेदनात मध्य आशियाई देशांनी सुरक्षा परिषदेच्या ५४१ आणि ५५० क्रमांकाच्या ठरावांशी बांधिलकी नोंदवली, म्हणजे उत्तर सायप्रसचं स्वातंत्र्य बेकायदा ठरवणाऱ्या ठरावांशी. त्या सुमारास कझाकस्तान, उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तानने दक्षिणेकडच्या, म्हणजे खऱ्या मान्यताप्राप्त सायप्रसला राजदूतही नेमले. तुर्कीच्या सर्वांत दुखऱ्या जागी बोट ठेवायला त्यांना फार विचार करावा लागला नाही. अझरबैजान वेगळा: त्याने २०२४ च्या जुलैत शुशाच्या बैठकीला उत्तर सायप्रसच्या अध्यक्षांना मानाने बोलावलं. मान्यता मात्र त्यानेही दिलेली नाही.

दुसरा नकार जानेवारी २०२२ चा. कझाकस्तानात गॅसच्या दरवाढीवरून दंगे पेटले, अल्माटीचा विमानतळ काही काळ हातचा गेला. तुर्किक संघटनेला नवीन नाव मिळून दोन महिनेही झाले नव्हते. कझाक अध्यक्ष तोकायेव यांनी फोन मॉस्कोला लावला. रशियाच्या नेतृत्वाखाली अडीच हजारांच्या आसपास सैनिक उतरले आणि काही दिवसांत परतले. तुर्किक संघटनेने पाठिंब्याचं निवेदन काढलं.

तिसरा छोटा, पण मला आवडणारा. सप्टेंबर २०२२ मध्ये तुर्कमेनिस्तानने विनंती केली की आमच्या नागरिकांना व्हिसाविना घेऊ नका. कारण तरुण मुलं इस्तंबूलला जाऊन परतत नव्हती. तुर्कीची ओढ इतकी, की सरकारलाच दार लावून घ्यावं लागलं! हा नकार तुर्कीच्या खात्यात जमेला लिहायचा की खर्चाला, यावर मी आणि माझा भाचा अजून भांडतो. तो यूपीएससीची तयारी करतोय, त्यामुळे दोन्हीकडे लिही म्हणतो.

शेजारी दोन रकाने ओढा

तुर्कीचा कुठलाही आकडा एकटा वाचायचा नाही. शेजारी चीनचा आणि रशियाचा लिहा. २०२३ मध्ये मध्य आशियातल्या पाच देशांशी चीनचा व्यापार ८९ अब्ज डॉलरच्या घरात होता. तुर्किक देशांनी मिळून काढलेल्या गुंतवणूक निधीचं सुरुवातीचं भांडवल ५० कोटी डॉलर.

वाहतुकीचं घ्या. रशियाला वगळून चीनहून कझाकस्तान, कॅस्पियन, बाकू, जॉर्जियामार्गे तुर्कीला येणारा 'मधला मार्ग' सध्या फार चर्चेत आहे. युक्रेन युद्धानंतर तो झपाट्याने वाढला, २०२४ मध्ये सुमारे ४५ लाख टन माल गेला. आता कझाक तेलाची एकच नळी बघा, रशियातून नोव्होरोसिस्कला जाणारी सीपीसी. त्याच वर्षी तिच्यातून ६ कोटी टनांहून जास्त तेल गेलं. कझाकस्तानच्या तेलनिर्यातीचा जवळपास ८० टक्के भाग. तिथला व्हॉल्व्ह कुणाच्या हातात आहे हे कझाक राजधानी अस्तानाला ठाऊक आहे, तेव्हा भाषणात बंधुत्व कितीही असो.

तुर्कमेन गॅस बराचसा चीनला जातो. कॅस्पियनच्या तळातून तुर्कीकडे नळी टाकायची योजना १९९० च्या दशकापासून कागदावर आहे. मार्च २०२५ मध्ये तुर्कमेन गॅस तुर्कीला मिळू लागला खरा, पण इराणच्या मार्फत अदलाबदलीने.

आणि माझ्या धंद्यातली गोष्ट, जी बातम्यांत येत नाही. कझाकस्तान आणि किरगिझस्तान रशियाच्या पुढाकाराने २०१५ मध्ये सुरू झालेल्या युरेशियन आर्थिक संघात आहेत. औषधाची नोंदणी त्या संघाच्या सामाईक नियमांनी होते. आमची फाइल रशियनमध्ये जायची, तुर्की कंपनीचीही रशियनमध्येच. खोक्यावरचा मजकूर कझाक आणि रशियनमध्ये. तुर्की प्रतिस्पर्ध्याला भाऊ म्हणून एक स्वाक्षरी कमी लागली असं मी कधी पाहिलं नाही. नियमपुस्तक कुणाचं, हे ज्याला कळलं त्याला बाजार कळला.

एक मथळा सोडवून बघू

सप्टेंबर २०२४: 'तुर्किक देशांची एकच लिपी ठरली'. बाकूच्या बैठकीत ३४ अक्षरांच्या सामाईक लॅटिन वर्णमालेवर तज्ज्ञांच्या आयोगाचं एकमत झालं. बातमी खरी. आता वह्या उघडा. अझरबैजानने १९९१ लाच लॅटिन घेतली. तुर्कमेनिस्तानने १९९३ ला, स्वतःच्या पद्धतीची. उझबेकिस्तानने १९९३ मध्ये तुर्कीला जवळची अक्षरं ठरवली, आणि अंकाराशी बिनसत होतं त्याच काळात, १९९५ मध्ये, त्यातली बरीच काढून इंग्रजी कीबोर्डला जमतील अशी जोडाक्षरं घातली. आजही ताश्कंदमध्ये रस्त्यावर सिरिलिक आणि लॅटिन शेजारी शेजारी दिसतात. कझाकस्तानने २०१७ मध्ये हुकूम काढला की २०२५ पर्यंत बदलू. मुदत पुढे ढकलली गेली. किरगिझस्तानला घाई नाही. तेव्हा मथळ्यातल्या 'ठरली'च्या जागी 'शिफारस केली' लिहा आणि पुढच्या वर्षी शाळेचं पाठ्यपुस्तक कुठल्या लिपीत छापलं ते बघा. तेवढं पुरे.

स्रोतांबद्दल थोडक्यात. तुर्कीची अनादोलू वृत्तसंस्था परिषद संपायच्या आत विजय जाहीर करते. रशियन माध्यमं याच परिषदेत पाश्चात्त्य कारस्थान शोधतात. आपल्या वाहिन्या दोन्ही सोडून खिलाफत शोधतात. मी मूळ संयुक्त निवेदन उघडते, ते इंग्रजीत मिळतं, आणि क्रियापदं वाचते. 'स्वागत केलं', 'नोंद घेतली', 'महत्त्व अधोरेखित केलं' असली क्रियापदं खोडायची. 'स्वाक्षरी केली', 'मंजूर केला', 'रक्कम भरली' एवढीच ठेवायची. चार पानांचं निवेदन बहुधा अर्ध्या पानावर येतं.

इथून पुढे बघायचं झालं तर माझं बोट कागदावर आर्मेनियाच्या दक्षिण टोकावर आहे. ८ ऑगस्ट २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये अझरबैजान आणि आर्मेनियाने ठरवलं की तिथून नाखचिवानपर्यंत वाट काढायची, विकासाचे हक्क अमेरिकेकडे, नाव ट्रम्प यांचं. तुर्कीने त्याच महिन्यात कार्सहून नाखचिवानच्या सीमेपर्यंतच्या रेल्वेचं काम सुरू केलं. ही वाट झाली तर जॉर्जियाचा वळसा सुटतो आणि तुर्की थेट कॅस्पियनला भिडतो. पण कॅस्पियनचं पाणी दरवर्षी खाली चाललंय आणि कझाकस्तानच्या अक्ताऊ बंदरात त्यासाठी गाळ उपसावा लागतो, म्हणून रेल्वेच्या उद्घाटनाच्या फोटोबरोबर अक्ताऊला त्या महिन्यात किती जहाजं पूर्ण भरून सुटली तो आकडाही शोधा. आणि मालगाडी सुरू झाली की प्रति कंटेनर भाडं किती लावलं ते एखाद्या मालवाहतूक एजंटला विचारा. तो मंत्र्यापेक्षा खरं सांगतो.